मुलाचा संगणक : निग्रह, पाळत आणि मोकळीक

घरातला संगणक मुलासाठी सुरक्षित करणे, या एका शब्दप्रयोगात तीन वेगवेगळी कामे दडलेली असतात. यंत्रात घातक प्रोग्राम शिरू नयेत, घरातल्यांची कागदपत्रे आणि पैसे शाबूत राहावेत, हे पहिले. मुलाच्या वयाला न झेपणारा मजकूर अडवणे, हे दुसरे. मूल काय करते यावर नजर ठेवणे, हे तिसरे. पहिले काम बहुतांशी तांत्रिक आहे. दुसऱ्यात निग्रहाचा जुना प्रश्न येतो : विषय दूर ठेवला की त्याची ओढ सुटते का? तिसऱ्यात त्याहून अवघड प्रश्न आहे : जे मूल कधीच नजरेआड नसते ते शहाणे झाले की नाही, हे कळणार कसे? पालकांना विकली जाणारी साधने या तिन्ही कामांसाठी एकाच पुडक्यात येतात, त्यामुळे तिन्हींचे समर्थनही एकच असावे असा समज होतो. तसे ते नाही.

पहिल्या कामाची सुरुवात खात्यापासून होते. विंडोजच्या संगणकावर सर्वांत आधी जे खाते तयार होते ते ॲडमिनिस्ट्रेटरचे असते. त्यातून कोणताही प्रोग्राम बसवता येतो, सुरक्षेची व्यवस्था बंद करता येते, दुसऱ्याच्या फायली उघडता येतात. बहुतेक घरांत तेच एक खाते बाबांपासून धाकट्यापर्यंत सगळे वापरतात आणि गफलत तिथेच होते. मुलासाठी वेगळे ‘स्टँडर्ड’ खाते काढले तर त्याला चित्र काढता येते, गृहपाठ करता येतो, आधीपासून बसवलेला गेम खेळता येतो. पण कुठून तरी उतरवलेली फाइल त्याने चालवली आणि ती सबंध संगणकात हात घालू लागली, की पडदा काळवंडतो आणि मधोमध चौकट येते : ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या. घरातल्या शिस्तीचा कस या चौकटीपाशी लागतो. ‘‘आई, पासवर्ड काय गं?’’ अशी हाक येते, आई पोळ्या लाटता लाटता स्वयंपाकघरातूनच तो मोठ्याने सांगते, आणि सगळी व्यवस्था जागच्या जागी संपते. चौकटीत प्रोग्रामचे आणि तो बनवणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. हात पुसून, उठून ते वाचायला अर्धे मिनिट लागते. काही प्रोग्राम केवळ त्या एका खात्यापुरते बसतात आणि त्यांना ही चौकट आडवी येत नाही, म्हणून विंडोजचे अपडेट आणि त्याच्यासोबत येणारा अँटिव्हायरस चालू ठेवणे हाही याच कामाचा भाग. मुलाला यंत्र देण्याआधी ब्राउझरमध्ये साठलेले पासवर्ड, कार्डाचे क्रमांक आणि कोणाचे तरी उघडे राहिलेले ईमेल काढून टाकायचे, आणि घरातले फोटो व कागदपत्रे वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायची. इतके झाले की यंत्राची काळजी बऱ्यापैकी मिटते.

ऑनलाइन खाते काढताना मात्र जन्मतारीख विचारली जाते, आणि तांत्रिक काम नीतीच्या हद्दीत शिरते. खात्यासाठी किमान १३ वर्षांची अट जगभर पसरली ती अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यामुळे. १३ वर्षांखालील मुलाची माहिती पालकांच्या पडताळलेल्या संमतीवाचून गोळा करायची नाही, असे त्या कायद्याने ठरवले, आणि पुष्कळ कंपन्यांनी संमतीची कटकट टाळण्यासाठी लहानांना दारच बंद केले. मग नऊ वर्षांच्या मुलाला खाते हवे असते, पालक शेजारी बसतात आणि जन्मवर्षाचा आकडा दहा-बारा वर्षे मागे सरकवतात. पतंजलीने सांगितलेल्या यमांत अहिंसेनंतर लगेच सत्य आणि अस्तेय (चोरी न करणे) येतात. खोटी जन्मतारीख आणि ओळखीच्या दुकानदाराने ‘टाकून दिलेली’ विंडोजची चोरटी प्रत, असा श्रीगणेशा झाला तर दोन यम पहिल्याच संध्याकाळी निकालात निघालेले असतात, तेही मुलाच्या देखत. याचे व्यावहारिक फळही लगेच मिळते. कंपनीच्या लेखी ते मूल प्रौढ ठरते, म्हणून मुलांसाठी ठेवलेली बंधने त्याला लागतच नाहीत, आणि ‘क्रॅक’ म्हणून मिळणारी फाइल ही घातक प्रोग्राम पसरण्याची जुनी, मळलेली वाट आहे. जन्मतारीख खरी भरली तर मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या दोन्हींकडे पालकाच्या खात्याला जोडलेले मुलाचे खाते रीतसर काढता येते. वेळ थोडा जास्त जातो, एवढेच.

दुसरे काम मजकूर अडवण्याचे. ते कसे चालते हे नीट कळल्याशिवाय त्याच्या मर्यादा कळत नाहीत. ब्राउझरमध्ये संकेतस्थळाचे नाव लिहिले की संगणक आधी एका डीएनएस सर्व्हरला त्या नावाचा अंकी पत्ता विचारतो. क्लाउडफ्लेअर या कंपनीने १ एप्रिल २०२० रोजी घरांसाठी एक डीएनएस सेवा सुरू केली. तिचा १.१.१.३ हा क्रमांक घरच्या राउटरमध्ये भरला, की घातक आणि अश्लील म्हणून नोंदलेल्या संकेतस्थळांचा पत्ता त्या वाय-फायवरच्या यंत्रांना सहसा मिळत नाही. सेवा फुकट आहे, बसवायला दहा मिनिटे लागतात. पण ही चाळणी नावे गाळते, नावामागचा मजकूर तिला दिसत नाही. यूट्यूब हे तिच्या दृष्टीने एकच नाव, मग आत कीर्तन चालू असो की मारधाड. शिवाय मुलाने आईच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला की राउटरचा संबंधच संपतो. म्हणून दुसरा थर संगणकावर घालतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘फॅमिली सेफ्टी’मध्ये शोधाचे निकाल गाळता येतात, किंवा पालकांनी निवडलेली तेवढीच संकेतस्थळे उघडतील असेही करता येते. ही चाळणी विंडोजवर एज या ब्राउझरपुरतीच चालते, त्यामुळे ती चालू केली की इतर नेहमीचे ब्राउझर बंद होतात आणि ‘क्रोम का उघडत नाही’ म्हणून घरात एकदा तरी वाद होतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला निवडक संकेतस्थळांची यादी पुरते. बारा वर्षांच्या मुलाला ती लावली तर शाळेचा प्रकल्पसुद्धा पुरा होत नाही.

यादी कोणीतरी बनवलेली असते, आणि बनवणाऱ्याचे बरे-वाईट तिच्याबरोबर घरात येते. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कंथॉर्प या गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट कंपनीचे खाते काढता येईना, कारण गावाच्या इंग्रजी नावाच्या पोटात एक शिवी अक्षररूपाने दडलेली आहे आणि फिल्टरला ती तेवढी दिसली. हा प्रकार हसण्यावारी नेता येतो. क्लाउडफ्लेअरच्या सेवेने सुरू होताच समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींना माहिती व आधार देणारी काही संकेतस्थळेही अडवली, तो प्रकार तसा नाही. चुकीची वर्गवारी वापरली गेली होती. कंपनीने चूक उघडपणे कबूल केली, माफी मागितली आणि ती सुधारली. पण त्या थोड्या वेळात ज्या घरात असे मूल असेल त्याला, तुझ्याविषयीची माहिती अश्लील आहे, असा निरोप पोहोचला, आणि तो पालकांच्या नावाने पोहोचला. फिल्टर लावणारा पालक एका अनोळखी संपादकाला घरात आणून बसवतो. त्या संपादकाला मराठी फारसे येत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे : इंग्रजी शब्द धरून रचलेल्या याद्यांतून रोमन लिपीत लिहिलेली मराठी शिवी सुखरूप पलीकडे जाते.

समजा, यादी निर्दोष आहे. तरी मूळ प्रश्न उरतोच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात या प्रश्नाचे एक उत्तर आहे. जो विषय घेत नाही त्याच्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे राहते. त्याहून श्रेष्ठ असे काही दिसले की ती गोडीही जाते. ज्ञानेश्वरांनी हा भाग समजावताना झाडाचा दृष्टान्त दिला आहे : वरवर पालवी खुडत राहायचे आणि मुळाला पाणी घालायचे, तर ते झाड मरणार कसे? तिसऱ्या अध्यायात गीता आणखी पुढे जाते. कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयच चघळत बसणाऱ्याला ती मिथ्याचारी म्हणते. इथवर वाचून कोणी म्हणेल की मग फिल्टरचा उपयोग काय? पण गीता ज्याच्याशी बोलते तो प्रौढ आहे आणि त्याचा निग्रह त्याने स्वतः पत्करलेला आहे. मुलाच्या संगणकावरचे बंधन दुसऱ्याने घातलेले असते. मुलाने काही सोडलेले नाही, त्याला ते मिळालेच नाही. त्यामुळे फिल्टरला मिथ्याचार म्हणता येत नाही, तसेच संयमही म्हणता येत नाही. मुलाच्या अंगी तो कोणताच गुण बाणवत नाही. त्याने वेळ तेवढा मिळतो. दहाव्या वर्षी जे समोर आले असते ते चौदाव्या वर्षी येते, आणि मधल्या चार वर्षांत काय घडते यावर सगळे ठरते.

मधल्या वर्षांत काहीच घडले नाही तर काय होते, याची सर्वांत प्रसिद्ध कथा बुद्धाच्या पित्याची, राजा शुद्धोदनाची आहे. मुलगा चक्रवर्ती होईल किंवा गृहत्याग करील, असे भाकीत झाले, तेव्हा राजाने त्याला महालांत, सुखांत आणि तरुण माणसांत वाढवले. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’त तर राजपुत्राची स्वारी निघण्याआधी रस्त्यावरून आजारी, अपंग आणि म्हाताऱ्या माणसांना हटवले जाते. तरीही एक वृद्ध समोर येतोच, आणि राजपुत्र सारथ्याला विचारतो की हे काय आहे. अश्वघोषाने त्या वृद्धाला देवांची करणी म्हटले आहे. भिंत पक्की होती, ती भेदायला देव लागले, असा त्याचा अर्थ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ही कथाच पटली नाही. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत त्यांनी साधा प्रश्न विचारला आहे : सिद्धार्थाने गृहत्याग केला तो २९ व्या वर्षी, म्हातारपण, आजार आणि मरण तर रोजच्या गोष्टी, मग तोवर त्या त्याला दिसल्याच नाहीत हे कसे मानायचे? आंबेडकरांनी ग्रंथात गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलिय या शेजारच्या कुळांमधल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात दाखवले. धर्मानंद कोसंबींनीही त्याआधी मराठीत याच तंट्याकडे बोट दाखवले होते.

या दोन वाचनांतून दोन वेगळे निष्कर्ष निघतात आणि दोन्ही इथे उपयोगी आहेत. आंबेडकरांच्या प्रश्नातून असे दिसते की इतकी पक्की भिंत कुठेच नसते. मुलाने ते कधीच पाहिलेले असते, शाळेच्या बसमध्ये, मोठ्या भावाच्या मित्राच्या मोबाइलवर. पालकांना ते ठाऊक नसते एवढेच. पारंपरिक कथा खरी धरली तर दोष भिंतीत नाही, मधल्या वर्षांत आहे. शुद्धोदनाला जवळजवळ तीस वर्षे मिळाली. माणसे म्हातारी होतात, हे वाक्य एवढ्या काळात राजपुत्राशी कोणी बोलले नाही, आणि शेवटी ते सांगायची पाळी रथ हाकणाऱ्यावर आली. आजच्या घरात सारथ्याची जागा बहुधा वर्गातला एखादा पुढचा मुलगा घेतो, आणि त्याचे ज्ञान सारथ्याइतके चोख नसते.

घराऐवजी सबंध समाजानेच भिंत उभारायची, असाही एक मार्ग आहे. २० मे २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या सिटी फील्ड या बेसबॉलच्या मैदानावर कर्मठ ज्यू पंथांच्या चाळीस हजारांहून अधिक पुरुषांची सभा झाली. विषय एकच होता, इंटरनेटचा धोका. स्त्रियांना मैदानात प्रवेश नव्हता. फिल्टर नसलेले इंटरनेट घरात असू नये, असा धर्मगुरूंचा आग्रह होता. कॅथलिक चर्चने प्रसारमाध्यमांविषयी १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत काढलेल्या आदेशात अशी बंदी नाही, पण श्रद्धेला आणि नीतीला बाधक मजकूर घराच्या उंबऱ्याआत येऊ न देण्याची जबाबदारी पालकांवर टाकली आहे. वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक घरांनाही तो लागू होतो. समाजाच्या भिंतीचा फायदा उघड आहे. शेजारच्या घरातही तीच भिंत असते, म्हणून मुलाला ती अन्यायाची वाटत नाही. तोटा इतका चटकन दिसत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये आधुनिक जगापासून दूर राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या पालकांना मुलांची शाळा आठवीनंतर थांबवण्याची मुभा दिली. धर्मस्वातंत्र्य पालकांचे मोजले गेले. मुलांना काय हवे आहे ते कोणी विचारले का, हा प्रश्न न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी आपल्या वेगळ्या मतात मांडला. तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी १९८० मध्ये या खटल्याच्या निमित्ताने ‘खुल्या भविष्याचा हक्क’ ही कल्पना मांडली. काही हक्क मुलाला आज वापरता येत नाहीत, पण ते त्याचेच असतात आणि तो मोठा होईपर्यंत पालकांकडे अनामत असतात. पालकाने ते आज अशा रीतीने मोडायचे नाहीत की उद्या वापरायला काही उरणारच नाही. या कसोटीवर फिल्टरचे दोन प्रकार वेगळे करता येतात. बारा वर्षांच्या मुलाला अश्लील चित्रफिती न दिसल्याने त्याचे कोणतेच भविष्य बंद होत नाही. दुसऱ्या धर्माविषयी, दुसऱ्या जातीविषयी, नास्तिकांविषयी किंवा स्वतःच्या शरीराविषयी त्याला काहीच वाचू दिले नाही तर होते. फिल्टर एकच असतो, खटका एकच असतो, म्हणून पालकाने स्वतःला विचारायचे ते हे, की आपण मुलाचे रक्षण करतो आहोत की आपल्या मतांचे.

गीतेच्या त्या श्लोकाचा उत्तरार्ध, श्रेष्ठ काही दिसल्यावर गोडी जाण्याचा, मुलांच्या बाबतीत फार मोठ्या अर्थाने घ्यायची गरज नाही. शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींनी तो साध्या पातळीवर आणला. १९०७ मध्ये रोममध्ये सुरू झालेल्या बालगृहात त्यांनी तीनेक वर्षांची एक मुलगी पाहिली. ती लाकडी दट्टे खाचांत बसवत होती, काढत होती, पुन्हा बसवत होती. भोवती इतर मुलांना गाणे म्हणायला लावले, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे काम थांबले नाही. मॉन्टेसरींनी त्यातून काढलेला धडा असा की मुलाला नाही म्हणत बसण्यापेक्षा त्याच्या मापाची खोली आधी सजवावी आणि मग तीत त्याला मोकळे सोडावे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हा विचार इकडे रुजवला. ताराबाईंनी बोर्डी आणि नंतर कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत तो स्थानिक, स्वस्त साहित्यावर चालवून दाखवला. मुलाचे खाते हीसुद्धा अशी खोली होऊ शकते. रंगवायला ‘टक्स पेंट’, गेम स्वतः रचायला ‘स्क्रॅच’, बालभारतीची पीडीएफ पुस्तके, मराठी विश्वकोश, आजीच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून ठेवायला एखादा साधा प्रोग्राम, आणि हे सगळे उघडताक्षणी पडद्यावर. पालकांच्या साधनांच्या जाहिरातींत या बाजूविषयी जवळजवळ काही नसते, कारण यात विकण्यासारखे फारसे नाही.

वेळेचे बंधन हा मजकूर अडवण्याच्या कामाचा धाकटा भाऊ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास आहे, आणि त्याहून कमी तर अधिक चांगले असेही म्हटले आहे. मोठ्या मुलांसाठी घराघराने ठरवावे लागते. तास यंत्रावर लावता येतो, आणि यंत्राचे ‘नाही’ आईच्या ‘नाही’पेक्षा एका अर्थी बरे असते, त्यात राग नसतो आणि रडून ते बदलत नाही. पण निबंधाचा शेवटचा परिच्छेद लिहिताना पडदा बंद झाला तर तेही यंत्राला कळत नाही. नियमाला अपवाद कधी करायचा हे ठरवणे हा विवेकाचा भाग आहे, आणि तो विवेक माणूस वापरताना मुलाने पाहिला तरच त्याला तो शिकता येतो. म्हणून तास यंत्राने मोजावा आणि वाढीव दहा मिनिटे माणसाने द्यावीत किंवा नाकारावीत, ही वाटणी बरी.

तिसरे काम पाळतीचे. पालकांच्या साधनांतून दर आठवड्याला अहवाल येतो : कोणती संकेतस्थळे उघडली, काय शोधले, किती वेळ बसले. याहून पुढची साधने मुलाचे संदेश वाचून दाखवतात, पडद्याची चित्रे काढतात, आणि मुलाला पत्ता लागू देत नाहीत. फिल्टर आणि पाळत ही एकाच कामाची सौम्य आणि कडक रूपे आहेत असे मानले जाते, पण त्यांची जात वेगळी आहे. फिल्टर उघड असतो. मुलाला तो दिसतो, त्यावर त्याला भांडता येते, एखादे संकेतस्थळ उघडून मागता येते. गुप्त पाळतीशी भांडता येत नाही, कारण ती आहे हेच माहीत नसते.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात गायजीस नावाच्या मेंढपाळाची गोष्ट येते. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तो राजाचा खून करून गादीवर बसतो. कोणी पाहत नसताना माणूस न्यायाने वागेल का, असा प्रश्न त्या गोष्टीआडून विचारला आहे. पूर्ण पाळतीखालच्या मुलापुढे हा प्रश्न कधी उभाच राहत नाही. ते नीट वागते ते समजुतीने की धाकाने, हे पालकाला कळायला मार्ग नाही, आणि मुलालाही नाही. घरोघरी मुलांना ‘देव बघतो’ असे सांगतात. वरवर पाहता तीही पाळतच आहे. पण अंतर्यामी म्हटलेला साक्षी बाबांना आठवड्याचा अहवाल पाठवत नाही. त्याची जाणीव मुलाच्या आतच वाढायची असते, आणि मोठेपणी देवावरचा विश्वास गेला तरी सवय मागे राहू शकते. अहवालाची सवय अहवाल बंद झाला की संपते.

अहवालाचे प्रत्यक्षातले रूप असे. सातवीतली मुलगी मासिक पाळीविषयी काही शोधते. रविवारी बाबांच्या मोबाइलवर यादी येते, त्यात तो शोध असतो. बाबा समंजस असतील तर गप्प राहतात, नसतील तर आईला हाक मारतात. मुलीला कळायचे ते कळते, आणि पुढचा प्रश्न ती मैत्रिणीच्या फोनवर विचारते, जिथे कोणतीच चाळणी नाही. ज्या साधनाने धोका कळावा त्यानेच मूल पालकांच्या नजरेबाहेर ढकलले. यात आणखी एक गोष्ट अनेक घरांत दिसते : मुलीच्या खात्यावर बंधने जास्त, मुलाच्या खात्यावर कमी, आणि पासवर्ड भावाकडे. याला सुरक्षा म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय संदेश वाचणारे साधन फक्त आपल्या मुलाचे वाचत नाही. पलीकडच्या मुलाने मित्राला विश्वासाने सांगितलेली त्याच्या घरातली गोष्टही तिसऱ्याच घरातला माणूस वाचतो, आणि त्याला तो अधिकार कोणी दिलेला नसतो.

कायदा या बाबतीत अर्धवट साथ देतो. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात मुलाच्या खासगीपणाला संरक्षण आहे, आणि मुलाची समज वाढेल तसे पालकांचे मार्गदर्शन बदलावे हे तत्त्वही आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याने मुलांचा माग काढणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे कंपन्यांना मना केले. हे चांगलेच झाले. पण त्या कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे एकाच मापाचे ‘मूल’ आहेत, सहा वर्षांचेही आणि साडेसतरा वर्षांचेही. दोघांच्याही माहितीसाठी पालकांची संमती लागते. समज वाढत जाते, हे कराराला कळले आणि कायद्याच्या मसुद्यातून निसटले. पालकांनी मुलावर किती नजर ठेवावी याविषयी तर हा कायदा काहीच बोलत नाही.

पाळत कधीच योग्य नसते असे मात्र नाही. अनोळखी प्रौढ माणूस मुलाशी चोरून बोलतो आहे, कोणी त्याला चित्रांवरून धमकावते आहे, मूल स्वतःला इजा करण्याच्या गोष्टी शोधते आहे, अशी ठोस शंका असेल तर संदेश पाहणे हे पालकाचे कर्तव्यच ठरते. तिथे कारण आहे, मुदत आहे, आणि नंतर मुलाला ते सांगता येते. रोजच्या व्यवहारासाठी त्याहून साधी सोय म्हणजे संगणक बैठकीच्या खोलीत, पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ठेवणे. त्यात पाहणाराही दिसतो. मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये वेगळा पर्यायच नसतो; अशा घरात मुलाला खासगीपणाची जी एखादी जागा मिळते ती बहुधा पडद्यावरच, हे मोठ्या फ्लॅटमध्ये बसून सल्ला देणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. तिथे वहीसारखे एखादे फोल्डर मुलाचे म्हणून सोडून द्यावे आणि ते उघडू नये.

भिंत कधी ना कधी गळते. त्या दिवशी मूल कोणाकडे जाते हे आधीच्या वागणुकीवर ठरते. ‘असले काही दिसले तर संगणक बंद’ असे ज्याला सांगितले आहे ते मूल दिसलेले सांगणार नाही, कारण सांगण्याची किंमत त्याने हिशेबात धरलेली असते. म्हणून दाखवल्याबद्दल किंवा सांगितल्याबद्दल शिक्षा नाही, हे आधी कबूल करावे लागते आणि मग रागाच्या क्षणी पाळावे लागते; दुसरा भाग अवघड. प्रकरण गंभीर असेल तर मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक आहे, पैशांची फसवणूक असेल तर १९३०. मुलाचे कोणी लैंगिक शोषण केल्याचे कळल्यावर पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे; नातेवाइकांत चर्चा करून प्रकरण मिटवण्याची मुभा त्यात नाही. अशा शोषणाची चित्रे ‘पुरावा’ म्हणून पोलिसांखेरीज इतर कोणाला पुढे पाठवणे हाही गुन्हाच.

बंधने सैल कधी करायची, याविषयी एक जुने संस्कृत सुभाषित सोळावे वर्ष सांगते : त्या वयाला मुलाशी मित्रासारखे वागावे. त्याच सुभाषितातला मधल्या दहा वर्षांच्या ताडनाचा सल्ला सोडून दिला तरी नाते ठरल्या वयाला बदलते हा विचार घेण्याजोगा आहे. संगणकावर हा बदल एका दिवसात होत नाही, आणि त्याला क्रम असतो. सर्वांत आधी शोधांचा अहवाल बंद व्हावा, बारा-तेराव्या वर्षाच्या सुमारास, कारण शरीराविषयीचे प्रश्न तेव्हाच सुरू होतात. मग निवडक संकेतस्थळांची यादी जाऊन तिच्या जागी ढोबळ फिल्टर यावा. त्यानंतर वेळेचे बंधन मुलाने स्वतः ठरवून स्वतः लावावे. फिल्टर सोळा-सतराव्या वर्षी जावा, म्हणजे घर सोडून वसतिगृहात जाण्याआधी एखादे वर्ष ते मोकळ्या जाळ्यावर, पण विचारायला माणसे असलेल्या घरात काढते. ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार सगळ्यांत शेवटी द्यावा. त्याचा मुलाच्या नीतीशी काही संबंध नाही. घातक फाइल चालवणाऱ्याचे वय पाहत नाही, म्हणून रोजचे काम स्टँडर्ड खात्यातून करणे मोठ्यांनाही तितकेच लागू आहे. घरात धाकटे भावंड असेल तर राउटरमधला क्रमांक तसाच ठेवून मोठ्याच्या यंत्रावर वेगळा डीएनएस भरता येतो, आणि यंत्र एकच असेल तर दोघांची खाती आणि पासवर्ड वेगळे ठेवावे लागतात.